खोडलेला 'पण'

पणबाईंना हे नाव कुणी ठेवलं याचा तपास कधी लागला नाही, आणि त्यांनी तो कधी केलाही नाही. नावामागचं कारण मात्र शाळेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. नववी-दहावीच्या मूल्यशिक्षणाच्या तासाला त्या मुलांना वाद घालायला लावत. त्या वादाचा नियम असा होता की आधी समोरच्याची बाजू सांगायची, मग 'पण' म्हणायचं आणि त्यानंतर आपली. नऊ वर्षं दर गुरुवारी वर्गातून इतके 'पण' बाहेर पडत होते की शेजारच्या भूमितीच्या वर्गातली मुलंही प्रमेय सिद्ध करताना मध्येच 'पण' म्हणून अडायची.

हा तास बाईंनी काही मागून घेतला नव्हता. त्यांचा विषय इतिहास. पण मूल्यशिक्षणाला गुण नाहीत, परीक्षा नाही आणि तास गुरुवारचा शेवटचा, म्हणजे मुलं दप्तर भरून, एक पाय बाकाबाहेर काढूनच बसलेली. असला तास कोण आपणहून घेणार? आधीचे शिक्षक त्या वेळात आपल्या विषयाचा राहिलेला भाग उरकत किंवा सरळ पाट्या टाकत. बाईंना तास मिळाला तेव्हा सोबत एक चोपडी मिळाली. तिच्यात 'नेहमी खरे बोलावे', 'दुसऱ्याच्या भावना जपाव्यात' अशी चाळीस वाक्यं होती आणि ती मुलांना उतरवून द्यायची होती. पहिल्याच गुरुवारी मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं की खरं बोलल्याने दुसऱ्याच्या भावना दुखावल्या तर त्या दोन वाक्यांतलं कुठलं पाळायचं. बाईंनी चोपडी मिटली आणि ती पुढे कधी उघडली नाही.

नियम त्यांच्या डोक्यात आला तो त्यांच्या माहेरच्या जिन्यावरून. त्यांचे वडील आणि काका एकाच घरात वर-खाली राहत. मधला जिना सामाईक. तो कुणी झाडायचा यावरून दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. दोघंही आपापली बाजू घोकत बसले आणि जिना बिचारा तसाच राहिला. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा काका वर आले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, 'तुझे गुडघे दुखायचे, तुला वाकता येत नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.' बाई तेव्हा कॉलेजात होत्या. दाराशी उभं राहून त्यांनी हे ऐकलं. हे वाक्य अकरा वर्षं आधी कुणी बोललं असतं तर, हा विचार त्यांच्या डोक्यात जो शिरला तो तिथेच ठाण मांडून बसला.

तर वर्गात एक बिस्किटांचा डबा होता. त्यात विषयांच्या आणि बाजूंच्या चिठ्ठ्या. चिठ्ठीत येईल ती बाजू घ्यायची, मनात काही का असेना. वेळ तीन मिनिटं. आधी समोरच्याचं म्हणणं, तेही असं की त्याला स्वतःलाही इतकं नीट सांगता येऊ नये. मग त्याच्याकडे वळून विचारायचं, 'तुझं म्हणणं मी नीट मांडलं का?' त्याने 'नीट' म्हटल्याशिवाय 'पण' म्हणायची परवानगी नाही. टेबलावर एक घंटी असायची, तळव्याने दाबायची. ती वाजली की थांबायचं, शब्द अर्धा तोंडात राहिला तरी. सुरुवातीला मुलं हसली, मग चिडली, आणि मग त्यांना त्याची चटक लागली. एकदा तर दोन जानी दुश्मन मधल्या सुट्टीत मारामारी करायच्या आधी एकमेकांची बाजू सांगत उभे राहिले आणि तेवढ्यात सुट्टी संपली. ही गोष्ट बाई सगळ्यांना सांगत, आणि दर वेळी ती थोडी लांबत असे.

घरी मात्र हा नियम एकदा अंगाशी आला होता. यजमानांनी एका रविवारी स्वयंपाकघराला हिरवा रंग देऊया म्हणून काढलं. बाईंना हिरवा अजिबात नको होता. सवयीने त्यांनी आधी हिरव्याची बाजू घेतली. डाग दिसत नाहीत, डोळ्यांना थंड वाटतं, उजेड चांगला पडतो, असं भरभरून सांगितलं. यजमान विमा कचेरीतले, अर्धा अर्ज वाचून सही घेणारे. ते एवढं ऐकून खूश होऊन रंगाऱ्याकडे गेले. बाई 'पण' म्हणून वळल्या तर दार उघडं. स्वयंपाकघर हिरवं झालं ते झालंच. बाई त्यावर हसत आणि पाहुण्यांनाही हसवत. त्या हिरव्या भिंतीने त्यांना काहीतरी सांगून ठेवलं होतं, आणि त्यांनी त्याचा विनोद करून टाकला.

आता वकिलाकडे येऊ. वकील म्हणजे दहावीतली एक मुलगी, वर्गाची मॉनिटर. तिच्या वडिलांचं शाळेपासून तिसऱ्या गल्लीत इस्त्रीचं दुकान. ती बोलायला उभी राहिली की समोरच्याला आपली बाजू नव्यानेच कळायची. एकदा 'घरातलं कुणी चुकलं तर बाहेर सांगावं का' या विषयावर तिने समोरच्या मुलाची बाजू अशी मांडली की तो बाकावर बसूनच म्हणाला, 'बाई, माझं तिने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं, आता मी काय बोलू?' तेव्हापासून तिला वर्ग वकील म्हणू लागला. बाई वरकरणी सगळ्यांना सारखं वागवत. पण वकील बोलायला उठली की त्या घंटीवरचा हात नकळत जरा मागे घेत, आणि तिला तीनाची साडेतीन मिनिटं मिळत. शिक्षकांना लाडकं मूल नसतं असं जे म्हणतात त्यांनी खुशाल म्हणावं.

शालान्त परीक्षेला पाच आठवडे उरले असताना सराव परीक्षा झाली. सोमवारी विज्ञानाचा पेपर, आणि दुपारपर्यंत बातमी फुटली की तो पेपर आदल्या संध्याकाळी मुलांच्या फोनवर फिरत होता. मूळ प्रश्नपत्रिकेचा फोटो. हेडबाईंनी मंगळवारी सगळ्या वर्गाचे फोन टेबलावर मांडायला लावले आणि हा प्रकार आणखी पसरू नये म्हणून एकेका फोनमधला फोटो स्वतःच्या डोळ्यांसमोर पुसायला लावला. शाळेची अब्रू वाचवायची घाई अशी की पुराव्याची राखरांगोळी त्यांनी स्वतःच्या हातांनी केली, आणि वर सुटकेचा निःश्वास टाकला. मग प्रश्न उरला की हे कुणी केलं. प्रश्नपत्रिका शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात होती. विज्ञानाच्या सरांना आठवलं की शुक्रवारी प्रयोगवह्या ठेवायला कपाटाची किल्ली त्यांनी मॉनिटरला दिली होती, दहा मिनिटांसाठी.

बुधवारी तीन वाजता हेडबाईंच्या खोलीत शिस्त समिती बसली. संस्थेचे अध्यक्ष, हेडबाई, विज्ञानाचे सर आणि वही घेऊन पणबाई. शाळेतल्या झाडून साऱ्या सभांची वही पणबाईच लिहीत, कारण त्यांचं अक्षर चांगलं. लिहिणाऱ्याने बोलायचं नाही, ऐकलं ते जसंच्या तसं उतरवायचं, हा तिथला नियम. अध्यक्षांची लाकडाची वखार होती आणि माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून त्यांच्यावर दात खाणं फार सोपं आहे. मुलीचे वडील दुकान बंद करून आले होते. त्यांना बोलावू तेव्हा या म्हणून बाहेरच्या बाकावर बसवलं.

वकील आत आली ती शांत होती. तिने बाईंकडे पाहिलं आणि बाईंनी मान हलवली. त्यांच्या मनात एक ओळखीचा विश्वास होता. हिला बोलायला मिळालं की झालं. अध्यक्ष म्हणाले की बाळ, घाबरू नकोस, तुला जे सांगायचं ते सांग. मुलगी ताठ उभी राहिली, तिने हात मागे बांधले आणि बोलायला लागली.

"शुक्रवारी शेवटच्या तासाला कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. कपाटात प्रश्नपत्रिका आहे हे मला माहीत होतं. त्या दहा मिनिटांत खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मला मागच्या वेळी विज्ञानात कमी गुण पडले होते, म्हणजे मला तिची गरजही होती. सरांनी विश्वासाने किल्ली दिली, आणि विश्वासाचा गैरफायदा घेणं ही साध्या चोरीपेक्षा मोठी गोष्ट आहे. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर मीही तिच्यावरच संशय घेतला असता."

बाईंचं पेन चालत होतं. तिसऱ्या वाक्याला त्यांच्या ध्यानात आलं की काय होतंय. मुलगी समितीची बाजू मांडत होती, आणि फार सुंदर मांडत होती. वाक्याला वाक्य जोडलेलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. वर्गातला नियम इथेही चालू आहे हे खोलीतल्या इतर तिघांच्या गावीही नव्हतं. अध्यक्ष पुढे झुकले होते. हेडबाईंच्या चेहऱ्यावरचा तीन दिवसांचा ताण उतरत चालला होता. मुलगी तिघांकडे वळली आणि तिने सवयीप्रमाणे विचारलं, "तुमचं म्हणणं मी नीट मांडलं का?"

"अगदी नीट," अध्यक्ष म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

मुलगी म्हणाली, "पण," आणि त्याच वेळी अध्यक्षांनी शिपायाला चहा सांगायला टेबलावरची घंटी दाबली.

ती थांबली. दोन वर्षांची सवय. घंटी वाजली, तोंड मिटलं. फार तर दोन श्वासांएवढा वेळ गेला असेल. पण तेवढ्यात हेडबाई बोलू लागल्या होत्या, इतक्या प्रामाणिकपणे कबूल केलंस, याची आम्ही दखल घेऊ, बाहेर कुठे तक्रार नेणार नाही. बाई म्हणाल्या की तिचं अजून व्हायचंय, हे तिचं म्हणणं नव्हतंच. हेडबाईंनी वर न बघता सांगितलं, "बाई, तुम्ही लिहा."

आणि बाईंनी लिहिलं. पेन खाली ठेवता आलं असतं. वही मिटून उठता आलं असतं. मी ही गोष्ट सांगतो आहे म्हणून मला हे चटकन सुचतं. त्यांना त्या खोलीत सुचलं नाही, कारण सत्तावीस वर्षं कुणी 'लिहा' म्हटलं की त्या लिहीत आल्या होत्या. त्यांनी एवढंच केलं की शेवटच्या वाक्यापुढे 'पण' लिहिला आणि त्याच्यापुढे तीन टिंबं दिली. हेडबाईंनी वही ओढून वाचली आणि म्हणाल्या की अर्धवट वाक्य सभेच्या वहीत राहत नाही. त्यांनी लाल पेनने तो 'पण' खोडला, टिंबांसकट, आणि बाजूला बारीक सही केली.

मग वही मुलीपुढे ठेवली. हे तू बोललीस का, असं अध्यक्षांनी विचारलं. मुलीने सगळं वाचलं. प्रत्येक शब्द तिचाच होता. ती म्हणाली, हो, बोलले, पण ते तुमचं म्हणणं होतं. अध्यक्षांना वाटलं, ती म्हणते आहे की तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्यांनी प्रेमाने तिच्या हातात पेन दिलं. मुलगी बाईंकडे बघत होती. आपण बोललो ते बोललो नाही असं म्हणायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने सही केली.

जिन्यात गाठून बाईंनी विचारलं, "अगं, पणच्या पुढे काय होतं तुझं?"

तिने सांगितलं. सोमवारी सकाळी बाकावरच्या मैत्रिणीने तिला तो फोटो दाखवला होता. तिने नको म्हणायच्या आत तो पाहिला, त्यात तिची चूक होती आणि तेही ती सांगणारच होती. त्या फोटोत सातव्या प्रश्नातला एक आकडा पेनने खोडून वर दुसरा लिहिलेला होता. आणि सातव्या प्रश्नातला आकडा आपण शनिवारी सकाळी दुरुस्त केला, हे सरांनीच पेपरनंतर वर्गात बोलताना सांगितलं होतं. म्हणजे फोटो शनिवारच्या दुरुस्तीनंतरचा. किल्ली तिच्याकडे शुक्रवारी होती. शनिवारी आई आजारी म्हणून ती शाळेत आलीच नव्हती, हजेरी बघा. एवढं साधं होतं. एका मिनिटाचंही काम नव्हतं.

बाई तशाच धावत वर गेल्या. समिती चहा पीत होती. त्यांनी धापा टाकत सातवा प्रश्न सांगितला. हेडबाई म्हणाल्या, फोटो कुठे आहे? फोटो नव्हता, तो त्यांनीच पुसायला लावला होता. बाई सरांकडे वळल्या. सरांनी कपात बघून सांगितलं की दुरुस्ती शुक्रवारी केली की शनिवारी, आता नक्की आठवत नाही. त्यांना आठवत होतं, ते बाईंना दिसलं. पण शनिवार म्हटलं की शनिवारी कपाट उघडं कुणी टाकलं हा प्रश्न आलाच, आणि त्यांना घरी दोन लहान मुली होत्या. अध्यक्ष समजुतीने म्हणाले की बाई, तुमची लाडकी विद्यार्थिनी आहे, वाईट वाटणारच. तिने पाच जणांसमोर सांगितलं आणि तुम्ही तुमच्या हाताने लिहिलंत, आता आणखी काय पाहिजे? तिथे पाच जण नव्हते, मुलीला धरलं तरच पाच होत होते. पण ते सांगून काय उपयोग होता.

त्या संध्याकाळी बाईंनी हिरव्या स्वयंपाकघरात बसून संस्थेला पत्र लिहिलं. दोन पानी, सुवाच्य. सकाळी ते हेडबाईंच्या टेबलावर ठेवलं. दुपारी पत्र परत आलं तेव्हा पहिल्या पानाच्या तळाशी अध्यक्षांचा शेरा होता, 'बाईंशी सहमत. त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल आभार.' बाईंनी ते पान वाचलं. पहिल्या पानावर त्यांनी समितीची बाजू लिहिली होती. शाळेची जबाबदारी, इतर मुलांवर होणारा परिणाम, किल्ली, कबुली, सगळं. 'पण' दुसऱ्या पानावर पहिल्या ओळीत होता, आणि ते पान कुणी उलटलंच नव्हतं. मुलीचं एक वेळ समजण्यासारखं होतं, ती पंधरा वर्षांची होती. बाईंना स्वतःची इतकी चीड आली की त्यांनी शिक्षकांच्या खोलीतल्या बेसिनवर जाऊन दोनदा तोंड धुतलं.

तो गुरुवार होता. शेवटचा तास. पहिल्या बाकावरची एक जागा रिकामी. बाईंनी चिठ्ठ्यांचा डबा बाजूला ठेवला आणि फळ्यावर स्वतःच विषय लिहिला, 'खरं सांगितल्याने आपलं नुकसान होणार असेल तर सांगावं का?' बाजू तेवढ्या चिठ्ठ्यांनी ठरल्या. आणि काय सांगू, मुलं काय बोलली त्या दिवशी. नऊ वर्षांत असा वाद झाला नव्हता. एकीने सांगितलं की गप्प बसणाराही खोट्यात भागीदार असतो, फक्त त्याची सही नसते. दुसऱ्याने सांगितलं की ज्याचं नुकसान होणार नाही तो धैर्याच्या गोष्टी करायला मोकळा असतो. त्यांनी एकमेकांची बाजू चोख मांडली, 'नीट' म्हणून कबूल केली, घंटीला थांबली. कुणाही बाईंची मान ताठ व्हावी असाच तो वर्ग होता.

मग बाईंनी घंटी उचलून खणात ठेवली आणि विचारलं की त्या फोटोतला सातवा प्रश्न कुणी कुणी पाहिला होता, ज्यात आकडा पेनने दुरुस्त केला होता. तेहतीस मुलं. त्यातल्या निदान वीस जणांनी तो पाहिला असणार. ज्याने हात वर केला त्याने पेपर आधीच वाचला होता, हे त्या हातानेच सिद्ध होणार होतं, आणि शालान्त परीक्षा पाच आठवड्यांवर होती. मुलं हुशार होती. हा हिशेब त्यांना करता यावा एवढी हुशार त्यांना बाईंनीच केली होती.

दुसऱ्या रांगेतल्या, गप्प बसण्याविरुद्ध बोललेल्या त्याच मुलीने हळूच विचारलं, "बाई, हा वादाचा भाग आहे, की खरंच विचारताय?"

"खरंच," बाई म्हणाल्या.

ती मुलगी दप्तराच्या बंदाशी चाळा करत राहिली. एक हात वर झाला नाही. बाईंना ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कोणावर? एकेका चेहऱ्याकडे बघताना त्यांना त्याची बाजू दिसत होती. याची आई एकटी, हिला आधीच ताकीद मिळालेली, त्याचा बाप हात उचलणारा. सरांच्या दोन मुली. अध्यक्षांना खरंच वाईट वाटलेलं. हेडबाईंना दुसऱ्या दिवशी पालकांना तोंड द्यायचं होतं. साऱ्यांच्या बाजू बघायची अशी सवय जडली होती की धड कुणाचा राग करण्याचीही सोय उरली नव्हती. शाळा सुटल्याची घंटा झाली आणि मुलं रोजच्यापेक्षा सावकाश, एकेक करून बाहेर गेली.

मुलीला शाळा सोडल्याचा दाखला मिळाला. परीक्षेला इतके थोडे दिवस असताना दुसरी शाळा घेणार नव्हती, आणि या शाळेने तिचा परीक्षेचा अर्ज मागे घेतला होता. म्हणजे वर्ष गेलं. बाई परीक्षा मंडळाच्या कचेरीत गेल्या. तिथल्या माणसाने सांगितलं की शाळेने कळवलं तर अर्ज पुन्हा घेऊ. शाळेत आल्या, तर हेडबाईंनी सांगितलं की समिती पुन्हा बसल्याशिवाय कळवता येत नाही, आणि समिती आता जूनमध्ये बसते. दोघांचं बोलणं नियमाला धरून होतं.

शनिवारी दुपारी बाई इस्त्रीच्या दुकानात गेल्या. तिथे जाऊन नक्की काय बोलणार हे त्यांनी ठरवलं नव्हतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुढे टेबल, मागे दोरीवर लटकलेले कोट, खाली कपड्यांचे गठ्ठे. वडील इस्त्री करत होते. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, बाईंना स्टूल पुसून दिलं आणि पाणी दिलं. बाई त्यांच्या रागाची तयारी करून आल्या होत्या. राग निघालाच नाही.

"घरी आम्ही तिला सांगायचो, आधी आपलं सांगत जा," ते म्हणाले. "ती म्हणायची, बाईंनी असंच शिकवलंय. मग आम्ही गप्प. बाईंनी शिकवलंय म्हणजे बरोबरच असणार ना."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. ते पुन्हा इस्त्रीला लागले.

वकील खाली बसून आलेल्या कपड्यांना नंबरच्या चिठ्ठ्या लावत होती. कॉलरच्या आत चिठ्ठी, तिच्यात टाचणी, मग पुढचा शर्ट. बाईंना बघून ती उठली, हसलीही. बाईंनी बोलायला सुरुवात केली की हे बघ, त्या दिवशी मी, आणि त्यांना पुढचं येईना. मुलीने हातातला शर्ट टेबलावर ठेवला.

"थांबा बाई. आधी तुमची बाजू मी सांगते."

तिने हात मागे बांधले नाहीत. ती साधी उभी होती.

"तुम्हाला तिथे फक्त लिहायला बसवलं होतं. तुम्ही ऐकलं तेच लिहिलं, त्यात एक शब्द खोटा नव्हता. तुम्ही मध्ये बोललात तर तुम्हाला गप्प केलं. तुम्ही 'पण' लिहिलात, तो त्यांनी खोडला. तुम्ही परत वर गेलात, पत्र दिलंत, वर्गात विचारलंत, मंडळात गेलात. एवढं दुसरं कुणीच केलं नाही. नियम तुमचा होता, तो वर्गातला होता. वर्गात समोरचा आपला 'पण' ऐकायला थांबतो. तिथे थांबत नाहीत, हे मला कळायला हवं होतं." मग तिने विचारलं, "तुमचं म्हणणं मी नीट मांडलं का?"

वडिलांच्या हातातली इस्त्री थांबली होती. बाईंना उत्तर द्यावंच लागणार होतं आणि खरं द्यावं लागणार होतं, कारण नियम त्यांचाच होता. मुलीने काहीच सोडलं नव्हतं. रात्रंदिवस बाई स्वतःला जे जे सांगत होत्या ते सगळं तिने त्यांच्यापेक्षा नीट सांगितलं होतं.

"नीट," बाई म्हणाल्या.

आता 'पण' येणार होता. त्याच्यापुढे काय असेल ते बाईंना ठाऊक होतं. पेन तुमच्या हातात होतं, तुम्ही ते ठेवलं नाहीत. एवढं एकच वाक्य. ते तिने म्हणावं, मोठ्याने म्हणावं, म्हणजे निदान कुठेतरी तिचं बोलणं पुरं झालं असं होईल. इथे घंटी नव्हती. कुणी चहा सांगणार नव्हतं. बाई स्टुलावर मांडीवर हात ठेवून वाट बघत राहिल्या.

मुलीने टेबलावरचा शर्ट उचलला, कॉलर उलटली, आत चिठ्ठी ठेवून टाचणी टोचली आणि पुढचा शर्ट घेतला.